तिची आर्वी

“तुम्ही तर आर्वीच्याच नं, सुमतीबाई. मग तुम्हीच विचारा की हिला,” विमलाबाई म्हणाल्या, आणि सुमतीने नुकताच तोंडात टाकलेला तिळगूळ तसाच जिभेवर राहिला.

तसं पाहिलं तर बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. विमलाबाईंच्या ओसरीवर संक्रांतीचं हळदीकुंकू रंगात आलं होतं. आळीतल्या बायका काळी लुगडी नेसून दाटीवाटीने बसल्या होत्या, बोरं-हरभऱ्यांनी ओट्या भरून झाल्या होत्या, आणि समोर रस्त्यापलीकडे मारुतीच्या ओट्यावर, गेले काही दिवस वळकटी टाकून बसलेली ती बाई आपल्या मुलीच्या केसांतला गुंता सोडवत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात काळी पोत, म्हणजे सवाष्ण. आणि संक्रांतीच्या सणाला डोळ्यांसमोर सवाष्ण बसलेली असताना तिला कुंकू न लावता करंडा मिटायचा, हे काही विमलाबाईंच्या मनाला पटेना. विमलाबाई मनाने वाईट नव्हत्याच. पण कुंकू लावायचं म्हणजे ओसरीवर घ्यायचं, आणि ओसरीवर घ्यायचं म्हणजे कोणाची कोण हे ठाऊक हवं. देवळाच्या ओट्यावर राहणारी बाई कोणाची कोण म्हणायची? नवऱ्याने टाकलेली, की पळून आलेली, की आणखी काही. आणि त्या ‘आणखी काही’ची कुजबुज तर आधीच ओसरीभर फिरून आली होती. कोणाच्या तरी परसातला लोटा नाहीसा झाला होता. तो दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मोरीत सापडला, पण त्या बाईवरचा संशय काही कोणी परत घेतला नव्हता. शेवटी विमलाबाईंनी तिला हाक मारून पायरीपर्यंत बोलावलं. मुलीचा हात धरून ती आली, पायरीखालीच थांबली आणि विचारण्याआधीच सांगून मोकळी झाली की नाव पंचफुला, सासर हिंगणघाटचं.

“आर्वीले हाय माहेर,” ती म्हणाली. “भाऊ येऊन राह्यला घ्याले.”

हे वाक्य सुमतीला पाठ होतं. शब्दन् शब्द, मध्ये थांबण्याच्या जागेसकट पाठ होतं. ‘भाऊ’ म्हणताना आवाज किंचित उंच न्यायचा आणि ‘घ्यायला’ म्हणताना रस्त्याकडे एकदा बघायचं, म्हणजे ऐकणाराही रस्त्याकडे बघतो. हे तिच्या आईने हिंगणघाटच्या धर्मशाळेच्या दिवाणजीसमोर केलं होतं तेव्हा सुमती तिच्या पदराला धरून उभी होती. वडील जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. ते तापात गेले आणि चाळीतली खोली त्यांच्या जागेवर आलेल्या दुसऱ्या माणसाची झाली. त्यात दोष द्यावा असं कोणी नव्हतं. तो माणूसही बिचारा बायकोमुलांना घेऊन दारात सामानावर ताटकळत बसला होता. आईने ट्रंक उचलली, वळकटी बांधली आणि वेणा नदीकाठच्या धर्मशाळेत जाऊन सांगितलं की आर्वीला भाऊ आहे. भाऊ नव्हता. आर्वीला तर नव्हताच, कुठेच नव्हता. पण आपल्याला घर नाही असं बाईमाणसाने सांगितलं की ऐकणाऱ्याची नजर आधी पायांकडे आणि मग वर येते, ही गोष्ट आईला पहिल्याच दिवशी उमगली असावी. भाऊ असलेल्या बाईकडे कोणी तसं बघत नाही. ती वाटेवर आहे एवढंच समजतात.

वाटसरूने धर्मशाळेत तीन रात्री राहावं असा नियम होता, आणि दिवाणजी नियमाचा पक्का असला तरी भावाच्या भरवशावर त्याने पुढचे बरेच दिवस काणाडोळा केला. मग एके दिवशी आई नदीवर धुणं धुवायला गेलेली पाहून त्याने सुमतीला गुळाचा खडा दिला आणि अगदी मायेने विचारलं की मामा दिसतो कसा, मिशा आहेत का त्याला. गूळ तोंडात होता. खोटं कसं बोलायचं ते आईने सांगितलं होतं, पण मामाच्या मिशांविषयी काही सांगितलं नव्हतं. सुमती म्हणाली, मला मामा नाही. दिवाणजी ओरडला नाही, उलट त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. संध्याकाळी आई वळकटी गुंडाळत होती तेव्हा तिने सुमतीला एक शब्दही लावला नाही. फक्त म्हणाली, “गुडघा ठेव.” आईने दोरी ओढायची आणि सुमतीने वळकटी सैल पडू नये म्हणून तिच्यावर गुडघा दाबून धरायचा, असं त्यांचं ठरलेलं होतं. त्या संध्याकाळी तिने सगळा जीव गुडघ्यात आणून दाबलं.

आता ओसरीवर बसलेल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या आणि तिला त्या गुळाची चव आठवत होती.

कारण सुमतीबाई आर्वीच्या, हे आळीत सगळ्यांनाच माहीत होतं. आई पुढे एका बऱ्या घरी स्वयंपाकाला लागली, त्या घरच्यांनीच मनोहररावांचं स्थळ आणलं, आणि मुलीचं आजोळ कुठलं या प्रश्नाला आईने सवयीने तेच उत्तर दिलं. लग्नाला मामा का आला नाही? आजारी होता. दिवाळीला न्यायला मुराळी का आला नाही? वय झालं. आई वारली आणि आर्वी एकट्या सुमतीच्या गळ्यात पडली. तिने ती टाकली नाही. खरं सांगायचं तर तिने ती चांगली नांदवली. आळीतल्या बायका माहेरच्या गोष्टी सांगत तेव्हा गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून आधी एक तुळशीवृंदावन झालं, मग दारात मोगरा आला, मग मामीच्या हातचं भरीत आलं, आणि पाणी आणायला नदीवर जावं लागायचं म्हणून मामी कशी कुरकुरायची तेही आलं. एकदा मनोहररावांना कचेरीच्या कामासाठी आर्वीच्या तहशिलीत जायचं होतं. ते म्हणाले, पुलगावहून छोट्या रेल्वेगाडीने जाऊ, तूही चल, मामाला भेटशील. सुमतीला तीन दिवस डोकेदुखीने उठवेना. त्यानंतर लवकरच तिने मामाला मारून टाकलं. पत्र आल्याचं सांगितलं, डोक्यावरून अंघोळ केली, आणि गंमत अशी की रडू मात्र अगदी खरं आलं. विमलाबाई तेव्हा पिठलं-भात घेऊन आल्या होत्या. आर्वी सुमतीने आजवर पाहिली नव्हती, पण कधीकधी दुपारी पडल्यापडल्या तिला तिथं जावंसं वाटायचं.

आणि आता ही बाई पायरीखाली उभी राहून तीच आर्वी मागत होती. सुमतीने तिच्याकडे नीट पाहिलं. वय तिच्याच आसपासचं. पायांना भेगा, पण पाय धुतलेले. ओट्यावर राहणारी बाई पाय धुते ते कशासाठी, हे सुमतीला ठाऊक होतं. ही खोटं बोलते आहे, याविषयी तिच्या मनात जराही शंका नव्हती. शंका असायची कशाला, वाक्य तिच्या घरचं होतं. एक शब्द बोलायचा होता. ‘हो, असतील बाई आर्वीला अशी माणसं, मोठं गाव आहे,’ एवढं म्हटलं असतं तरी विमलाबाईंनी करंडा पुढे केला असता आणि त्या दोघी आणखी चार दिवस ओट्यावर निभावून गेल्या असत्या. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. पण त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली. ही खरंच आर्वीची निघाली तर? आता ती विचारील, बाई, तुम्ही कोणत्या आळीतल्या, कोणाकडच्या? बायका कान टवकारतील. आणि मग इतकी वर्षं सांभाळलेलं तुळशीवृंदावन, मोगरा, भरीत, सगळं या ओसरीवर सर्वांदेखत सांडेल, आणि विमलाबाईंची नजर आधी तिच्या पायांकडे जाईल. आधी आपणच विचारलेलं बरं.

तिने बाईला विचारलं नाही. तिने मुलीला विचारलं. कुठे बोट ठेवलं म्हणजे दुखतं हे तिच्याइतकं त्या ओसरीवर कोणालाच माहीत नव्हतं, आणि तिने नेमकं तिथंच बोट ठेवलं. ताटातला हलवा उचलून मुलीपुढे धरला आणि अगदी मायेने विचारलं की नाव काय तुझं, आणि मामाचं घर कसं आहे गं?

मुलीने आईकडे पाहिलं. “सांग बाईले,” पंचफुला म्हणाली.

“गोपिका,” मुलगी म्हणाली. मग हलवा मुठीत घट्ट धरून म्हणाली, “मामाच्या घरी विहीर हाय. विहिरीतून उंबर वर आला हाय. पानी काढलं का बादलीत उंबरं येते.”

बायका हसल्या. विहिरीतून उंबर, आणि बादलीत उंबरं! लहान पोर, सुचेल ते सांगते. सुमतीलाही वाटलं की पोरीला आईने मिशांविषयी काही शिकवलेलं दिसत नाही, म्हणून बिचारीने मनचं जोडलं. पण त्याच क्षणी तिला त्या विहिरीचा हेवाही वाटला, हे तिला नंतर किती तरी वेळ स्वतःशी कबूल करवेना. एवढ्या वर्षांत तिला अशी विहीर सुचली नव्हती. तिच्या आर्वीत विहीरच नव्हती, मामी पाण्याला नदीवर जायची.

“आर्वीत अशी विहीर नाही,” सुमती म्हणाली.

पंचफुलाने मान वर केली. सुमतीला वाटलं, आता ही भांडेल, शिव्याशाप देईल, आणि तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चुकलेल्या माणसाला सांभाळून घ्यावं तशी ती हळू बोलली. “लय दिस झाले असन बाई, तुमाले माहेरी जाऊन,” ती म्हणाली. “इसरल्या असान.”

विमलाबाईंनी करंडा मिटला. मुलीच्या हातावर वरूनच तिळगूळ टाकला, आणि सवयीने ‘गोड बोला’ असंही म्हणाल्या. त्या दोघी रस्ता ओलांडून परत गेल्या. मग ओसरीवर एकच गलका झाला. सुमतीबाई होत्या म्हणून कळलं, नाही तर कुंकू लावून बसलो असतो. अशा बायकांच्या तोंडावरच भावाचं नाव असतं. आणि ती पोर तरी बघा, एवढीशी, पण कशी थापा मारायला शिकवलीय. कोणी तरी सुमतीला टाळी दिली. विमलाबाईंनी वाणातली एक वाटी जास्तीची तिच्या हातात ठेवली, आणि आतून आपले यजमान बबनराव यांना हाक मारून सांगितलं की पुजाऱ्याला बोला, देवळाचा ओटा म्हणजे काही धर्मशाळा नाही. सुमती हसली. तिला हसू आवरलं नाही म्हणून नव्हे, हसणं भाग होतं म्हणून.

आरतीच्या आधी ओटा धुऊन निघाला. आपल्या खिडकीतून सुमतीने पाहिलं, म्हणजे पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं. पुजारी पाण्याची घागर घेऊन उभा होता आणि पंचफुला घाईने दोरी ओढत होती. मुलगी वळकटीवर गुडघा ठेवून, दोन्ही हात टेकून, सगळा जीव लावून दाबत होती. सुमती खिडकीपासून मागे सरली आणि उगाच तांदळाचा डबा उघडून बसली. वाटी कुठे ठेवावी ते तिला सुचेना. फडताळात ठेवली तर समोर दिसणार, म्हणून तिने ती डब्यामागे सारली. त्या दोघी खोटारड्या होत्या, तिने स्वतःला बजावलं. मग आपण कोण? आपण खोटारड्या नव्हे का? पण आपण कोणाच्या ओट्यावर बसलेल्या नव्हतो. एवढाच काय तो फरक, आणि तोही मनोहररावांच्या पगारावर उभा. तिला स्वतःची विलक्षण शिसारी आली. आईने इतक्या दारांत उभं राहून जे वाक्य जपलं, तेच आपण भर ओसरीवर पकडून दिलं. आणि दिवाणजीला निदान नियम तरी होता.

मनोहरराव साधे गृहस्थ होते. त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात एकच विषय असायचा. नुकताच सगळा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, कचेरीतले कागद कुठल्या पद्धतीने लिहायचे ते कोणाला कळत नव्हतं, आणि जेवताना ते म्हणत की बघ कशी मजा आहे, जागचं कोणी हललं नाही आणि सगळ्यांचा पत्ता बदलला. त्या रात्रीही ते तेच म्हणाले. मग आठवून म्हणाले की तुझ्या आर्वीची म्हणून कोणी भामटी आली होती म्हणे आज, तू चांगली पकडलीस, बबनराव कौतुक करत होते. सुमतीने त्यांना ताक वाढलं. सकाळी उजाडायच्या आत तिने आपलं अंथरूण गुंडाळलं आणि नेहमीसारखी त्याला घट्ट दोरी बांधली. लग्न झाल्यापासून ती असंच करत आली होती. घडी घालून ठेवणं तिला जमतच नसे, आणि ट्रंकेतल्या लुगड्यांपैकी दोन तरी कायम तळाशी बांधून ठेवल्याशिवाय तिला झोप लागत नसे. मनोहरराव यावरून वर्षानुवर्षं एकच थट्टा करत आले होते. “गाडी पकडायची आहे का?” ते पांघरुणातून म्हणाले. रोज ती हसायची. आज ती वळकटीवर गुडघा ठेवून तशीच बसून राहिली, आणि ते पुन्हा झोपले.

त्याच दिवशी दिवेलागणीच्या सुमारास मारुतीसमोर बंडी येऊन थांबली. बंडीत कडबा आणि वांग्यांच्या टोपल्या. उतरलेला माणूस उंच, काळासावळा होता. त्याने आधी ओट्याकडे पाहिलं, देवळाला वळसा घातला, आणि मग समोरच्या ओसरीपाशी येऊन अदबीने विचारलं की इथं माझी बहीण बसली होती, पोरगी आहे संगं, ती कुठं गेली. नाव बंडूजी, आर्वीहून आलो. येताना बैलाचा पाय मुरगळला, म्हणून वाटेत मुक्काम पडले, निरोप धाडायला कोणी भेटलं नाही. मारुतीच्या ओट्यावर बसजो, हालजो नको, असं त्यानेच तिला आधी कळवलं होतं. सासरच्यांनी हाकलून दिली तिला, तो म्हणाला, पण लपवायचं काय त्यात, आपलं घर आहे ना तिला. आणि तो ‘घर’ म्हणाला तेव्हा त्याचा आवाज उंच झाला नाही की त्याने रस्त्याकडे पाहिलं नाही.

सुमती पाण्याची कळशी घेऊन मधल्या नळावरून येत होती. ती कळशीसकट उभी राहिली. ओसरीवर दोन-चार बायका होत्या, बबनराव होते. मग विमलाबाईंनाही आपली बाजू सांभाळणं भाग होतं. त्या म्हणाल्या की आम्हाला काय ठाऊक बाबा, ती पोरगी काहीबाही सांगत होती, विहिरीतून झाड निघालं म्हणे. “आमच्या या सुमतीबाई आर्वीच्याच,” त्या म्हणाल्या. “त्यांनीच सांगितलं, अशी विहीर नाही म्हणून.”

बंडूजी वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून सुमतीने कळशी छातीशी धरली. पण परगावात गावचं माणूस भेटलं की उजळतो तसा त्याचा चेहरा उजळला, आणि सुमतीला वाटलं की याने आपल्याला मारलं असतं तर बरं.

“तुमी आर्वीच्या, ताई? कोनाकडच्या?” तो म्हणाला. “अवो, उंबराची विहीर म्हनलं का पोट्टं बी आमचं घर दाखवते. आतूनच निंगाला हाय उंबर, आज्याच्या काळापासून.”

विमलाबाई सुमतीकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत अजून संशय नव्हता, फक्त वाट पाहणं होतं. सुमतीबाई आता काहीतरी बोलतील आणि सगळं नीट जुळेल. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. लहानपणीच आले हो, आठवत नाही. आमची आळी दुसऱ्या टोकाला. मामी पाण्याला नदीवर जायची. एकेक वाक्य तिच्या मनात आयतं उभं राहिलं, सवयीने, आणि तिला कळलं की यातलं कुठलंही चालेल, या ओसरीवर तिचं सगळं चालतं, कारण तिच्या कपाळी कुंकू आणि डोक्यावर छप्पर आहे. खरं बोलणाऱ्या पोरीचं चाललं नव्हतं. मागे चपलांचा आवाज झाला. मनोहरराव कचेरीतून आले होते आणि गर्दी पाहून छत्री काखेत धरून थांबले होते. सुमतीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तिने कळशी खाली ठेवली.

“मी आर्वी पाहिली नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे? अलीकडे?” विमलाबाईंनी विचारलं.

“कधीच नाही.” मग ती बंडूजीकडे वळली. “त्या कुठे असतील ते मला माहीत आहे. कापसाच्या बाजारात, गाड्या सोडतात तिथं, गाठी बांधायच्या प्रेसच्या भिंतीला लागून. चला, दाखवते.”

“तुम्हाला कसं माहीत?” विमलाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांची नजर सुमतीच्या पायांकडे गेली. अगदी तशीच गेली. त्यांचा त्यात काही दोष नव्हता, नजर जातेच.

“आम्हीही अशाच गाडीतळावर जायचो,” सुमती म्हणाली. “तिकडे हिंगणघाटला. मी आणि आई.”

मनोहरराव रस्त्याच्या मधोमध उभे होते. ती जवळ आली तेव्हा तिला वाट देण्यासाठी ते बाजूला झाले, आणि त्या बाजूला होण्यात काय होतं ते तिला पुढे कितीही आठवून ठरवता आलं नाही. घरी परत आल्यावर दार उघडं असेल की नाही, याचा विचार आपण या घडीला करत नाही आहोत, याचंच तिला नवल वाटलं. बंडूजीने तिला बंडीत बसायची विनंती केली. ती नको म्हणाली आणि बैलांच्या पुढे चालू लागली. सबंध आळी दारांत आली असावी, पण तिला फक्त उंबरे दिसत होते, एकापुढे एक, प्रत्येकावर संक्रांतीची रांगोळी.

कुठे जायचं ते पायांना ठाऊक होतं. स्टेशनावर नाही, तिथं शिपाई उठवतो. देवळात नाही, पुजारी विचारतो. कापसाच्या दिवसांत गाडीतळावर जायचं, आई म्हणायची. तिथं सगळेच बाहेरगावचे, म्हणून कोणी कोणाला विचारत नाही. गाडीवाल्यांच्या शेकोट्या असतात, गाड्यांतून सांडलेला कापूस गोळा केला की पोरीच्या पाठीखाली घालता येतो. सुमतीला त्या कापसाचा वास आठवला, सरकीचा उग्र, तेलकट वास. आणि एवढ्या वर्षांत एकदाही तो आठवू दिला नव्हता हेही आठवलं. धर्मशाळेतून निघाल्यावर पहिल्या रात्री तिने आईला विचारलं होतं की मी मिशा आहेत म्हणाले असते तर? आईने तिला जवळ ओढून घेतलं होतं आणि म्हटलं होतं की झोप आता. आई रागावली असती तर आज आपण वेगळ्या झालो असतो का, असं तिच्या मनात आलं, आणि मेलेल्या आईवर खापर फोडायला निघालो म्हणून तिला आणखीच लाज वाटली. मागून बंडूजी बैलांना चुचकारत येत होता. त्याला तिची सगळी गोष्ट कळली होती की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने तो म्हणाला, “पाह्यली नसन तं पाहाले येजो, ताई. उंबराच्या विहिरीवर.” तो हे मनापासून बोलला.

बाजाराच्या मैदानात गाड्यांची रांगच रांग लागली होती. बैल सोडलेले, घंटांची किणकिण, जागोजागी जाळ, आणि सगळ्यावर कापसाची पांढरी भुरभुर. बंडूजी बैल बांधायला कडेला थांबला. सुमती पुढे गेली, जुवांना वळसा घालत, प्रेसच्या भिंतीकडे. त्या तिथंच होत्या. पंचफुला पाठमोरी बसून कोणीतरी दिलेले निखारे फुंकत होती. तिच्या मागे अंथरूण पसरलेलं होतं, त्याखाली पांढरा थर नीट अंथरलेला, आणि त्यावर गोपिका पाय पोटाशी घेऊन बसली होती.

मुलीने तिला पाहिलं. सुमतीने हात वर केला. थांब, तुझा मामा आलाय, असं तिला सांगायचं होतं, पण तोवर मुलगी हलली होती. गोपिका रडली नाही की लपली नाही. ती अंथरुणावरून उठली, खाली उतरली, आणि त्याचं एक टोक धरून गुंडाळायला लागली. भराभर, नीट, कडा जुळवून. टोकापर्यंत आल्यावर तिने त्यावर गुडघा ठेवला, दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि दोरीसाठी इकडेतिकडे पाहिलं.

“आई, ऊठ,” ती म्हणाली. “ते बाई आली.”